दोन मजल्यांचं ऑफिस एका मजल्यावर आणताना

आमच्या कंपनीचं ऑफिस दोन मजल्यांवर होतं. प्रत्येक मजल्यावर १५५ डेस्क, म्हणजे एकूण ३१०. मार्च २०२० मध्ये सगळे लॅपटॉप उचलून घरी गेले, २०२१ च्या अखेरीस थोडे थोडे परतू लागले आणि २०२२ मध्ये ‘आठवड्यातून तीन दिवस ऑफिस’ असा नियम निघाला. नियम कागदावर होता, माणसं मात्र आपापल्या सोयीनं येत होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये वित्त विभागाकडून माझ्याकडे, म्हणजे प्रशासनाकडे, एका ओळीचा निरोप आला: एक मजला सोडता येईल का, ते बघा.

त्या एका ओळीचं काम पूर्ण व्हायला ऑक्टोबर २०२४ उजाडला. मधल्या काळात मला जी माहिती हवी होती, त्यातली बरीचशी कुठे लिहिलेली सापडली नाही. रंगीत सोफे आणि हिरव्या भिंती असलेल्या ऑफिसांचे फोटो हवे तेवढे मिळतात. नोटीस कोणत्या पत्त्यावर पाठवायची, फॉल्स सीलिंगचा खर्च कोणाच्या गळ्यात पडतो, जुन्या हार्ड डिस्कचं काय करायचं आणि ज्याची जागा जाणार त्या माणसाशी काय बोलायचं, हे कोणी सांगत नाही. हेच काम ज्यांच्या पुढ्यात आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात आधी भाडेकरार काढून वाचला. मूळ करार, नंतरची दोन पूरक पत्रं आणि ताबा घेतानाची यादी, असं सगळं. करार एप्रिल २०१९ पासून दहा वर्षांचा. पाचव्या वर्षाच्या शेवटी, म्हणजे ३१ मार्च २०२४ ला, एक मजला सोडण्याची मुभा होती, पण अटींसह. किमान सहा महिने आधी लेखी नोटीस, तीही करारात दिलेल्या पत्त्यावर आणि पोच घेऊन. ईमेल चालणार नव्हता. नोटिशीच्या तारखेला एकही देणी थकलेली नसावीत. आणि मजला ‘मूळ स्थितीत’ परत करायचा. ही मुदत हुकली असती तर पुढची संधी थेट २०२९ मध्ये होती. सप्टेंबर २०२३ अखेर ही शेवटची तारीख मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिली आणि तिथून मागे मोजत सगळं वेळापत्रक आखलं. एक वर्ष हातात ठेवून सुरुवात करा, त्याहून कमी वेळात हे नीट होत नाही.

वित्त विभागाला घाई का, हेही तेव्हाच समजून घेतलं. आयएफआरएस १६ हा भाडेकरारांच्या हिशेबाचा आंतरराष्ट्रीय नियम १ जानेवारी २०१९ पासून लागू झाला. तेव्हापासून बारा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेकरारांची देणी ताळेबंदात दाखवावी लागतात. आधी दरमहा भाडं खर्चात पडायचं आणि विषय संपायचा. आता पुढच्या सगळ्या वर्षांचं भाडं कर्जासारखं डोळ्यांसमोर उभं राहतं. रिकामा मजला त्यामुळे त्यांना आमच्यापेक्षा जास्त टोचत होता. हे कळल्यावर त्यांच्याशी बोलणं सोपं झालं. बचतीचा आकडा त्यांना हवाच होता, पण तो कोणत्या वर्षाच्या ताळेबंदात दिसेल हेही महत्त्वाचं होतं.

मग मोजणी. एप्रिल ते जून २०२३ असे तीन महिने आम्ही ऑफिस किती वापरलं जातं ते पाहिलं. ॲक्सेस कार्डांची नोंद तयारच होती, पण कार्ड फक्त दारातून आत आल्याचं सांगतं. माणूस डेस्कवर बसला, दिवसभर मीटिंग रूममध्ये होता की तासाभरात निघून गेला, ते त्यातून कळत नाही. म्हणून दोन सहकारी ठरलेल्या वेळांना मजल्याचा नकाशा हातात घेऊन फेरी मारत आणि भरलेल्या जागांवर खूण करत. डेस्कखाली सेन्सर बसवण्याचा प्रस्ताव एका पुरवठादाराकडून आला होता, तो मी घेतला नाही. आपल्या खुर्चीवर पाळत आहे असं एकदा लोकांना वाटलं की पुढे विचारलेल्या कुठल्याच प्रश्नाला मोकळं उत्तर येत नाही. मोजणी सुरू करण्याआधी सगळ्यांना पत्र पाठवलं: नावं नोंदवणार नाही, हजेरीशी याचा संबंध नाही, आकडे सर्वांना दाखवू. आणि ते दाखवलेही.

सरासरी निघाली रोज १४५ माणसं. म्हणजे ३१० डेस्कांपैकी निम्म्याहून कमी. वित्त विभागानं लगेच म्हटलं, एक मजला पुरे. पण सोमवारी ९५, मंगळवारी १९०, बुधवारी २०५, गुरुवारी १८५ आणि शुक्रवारी ५०, असा तो आठवडा होता. १४५ माणसांचा दिवस प्रत्यक्षात एकही नव्हता. सरासरीवर ऑफिस बांधलं असतं, तर दर बुधवारी साठ माणसं उभी राहिली असती आणि दर शुक्रवारी जवळपास शंभर खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या. कोणाला हे काम करायचं असेल तर माझी एकच विनंती आहे: वार वेगळे करून बघा.

दुसरी गोष्ट दिसली ती मला अधिक महत्त्वाची वाटली. डेस्क रिकामे असायचे तेव्हाही मीटिंग रूम भरलेल्या असायच्या. बारा जणांच्या खोलीत एकच माणूस लॅपटॉपसमोर व्हिडिओ कॉलवर बसलेला. बाहेर मोकळ्या हॉलमध्ये बोललं तर शेजाऱ्यांना त्रास आणि शेजारी बोलले तर आपल्याला, म्हणून तो खोली अडवून बसायचा. तासाभराचा प्रवास करून ऑफिसला यायचं आणि दिवसभर घरून काम करणाऱ्या सहकाऱ्यांशी कॉलवर बोलायचं, असं कितीतरी जण करत होते.

तिथे मला कळलं की ‘किती जण येतात’ हा प्रश्न अर्धाच आहे. कशासाठी येतात, ते विचारायला हवं.

जून-जुलैमध्ये एक पानी फॉर्म काढला, नाव न लिहिता भरायचा. किती दिवस यायला आवडेल, हे त्यात मुद्दाम विचारलं नाही, कारण त्या प्रश्नाला लोक धोरण ओळखून उत्तर देतात. विचारलं ते असं: गेल्या वेळी ऑफिसला आलात तेव्हा कोणतं काम केलंत? ते घरी झालं असतं का? ज्यांना भेटायचं होतं ते भेटले का? मग प्रत्येक विभागातल्या काही जणांशी समोरासमोर बोलले. पगारपत्रकं आणि करार हाताळणाऱ्यांना गोपनीय कागदांसाठी बंद दार हवं होतं. डिझाइनवाल्यांना भिंतभर जागा हवी होती आणि सगळे एकाच दिवशी हवे होते. नव्यानं लागलेली मुलं म्हणाली, आम्ही येतो, पण ज्यांच्याकडून शिकायचं ते घरी असतात.

आणि एक गट असा होता ज्याचा विचार आमच्या कुठल्याच बैठकीत झाला नव्हता. शुक्रवारी येणाऱ्या त्या पन्नासांपैकी बऱ्याच जणांच्या घरी कामाला जागाच नव्हती. एका खोलीत चार माणसं, आजारी आईवडील, लहान बाळ, दुसऱ्याही कोणाचं घरूनच काम. एक सहकारी मला म्हणाली, “तुम्ही म्हणता घरून काम ही सवलत आहे. माझ्यासाठी ऑफिस ही सवलत आहे.” हे वाक्य मी प्रस्तावाच्या पहिल्या पानावर घातलं, तिची परवानगी घेऊन आणि नाव न देता. घरून काम करण्याच्या चर्चेत बोलणारे बहुतेक जण ज्यांच्या घरी दार लावून बसता येतं असेच असतात. वरिष्ठांची घरं मोठी असतात आणि धोरणं वरिष्ठ ठरवतात. याचा हिशेब कोणीतरी आवर्जून मांडावा लागतो.

ऑगस्टमध्ये व्यवस्थापनापुढे प्रस्ताव ठेवायचा होता. त्यासाठी थोडं वाचन केलं, कारण खोलीत दोन ठाम मतं बसलेली होती. एकाचं म्हणणं, ऑफिस संपलं, सगळं सोडून द्या. दुसऱ्याचं, सगळ्यांना पाचही दिवस बोलवा, म्हणजे प्रश्नच मिटला. १९७० च्या दशकात एमआयटी या अमेरिकी संस्थेतले संशोधक थॉमस ॲलन यांनी दाखवलं होतं की दोन इंजिनिअरांच्या डेस्कांमधलं अंतर वाढलं की त्यांचं आपसातलं बोलणं झपाट्यानं घटतं आणि ५० मीटरच्या पुढे ते फारच थोडं उरतं. मायक्रोसॉफ्टच्या साठ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे घरी गेल्यावर माणसं आपल्याच टीममध्ये अधिक बोलू लागली आणि दुसऱ्या गटांशी असलेले धागे कमी झाले, असं त्यात आढळलं. म्हणजे एकत्र येण्याला मोल आहे. पण नुसतं एका हॉलमध्ये बसवून ते मिळत नाही. हार्वर्डच्या बर्नस्टीन आणि टर्बन यांनी २०१८ मध्ये दोन कंपन्या खुल्या मांडणीच्या ऑफिसात गेल्यावर काय झालं ते मोजलं, तर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलेलं निघालं. लोक कानाला हेडफोन लावून ईमेल करू लागले.

हे सगळं मी दोन स्लाइडांत मांडलं. प्रस्ताव असा: वरचा मजला सोडायचा. खालच्या मजल्यावर १५५ ऐवजी ११० डेस्क ठेवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत छोट्या खोल्या, एकट्यानं कॉल घेण्यासाठी बंद फोन बूथ, टीमसाठी मोठ्या टेबलांच्या खोल्या आणि एक शांत कक्ष करायचा. खोल्या आणि सामाईक टेबलं धरून एका वेळी १८० जण बसू शकतील. बुधवारची गर्दी कमी करण्यासाठी प्रत्येक टीमनं आपला एक ठरलेला दिवस निवडायचा, पण सगळ्यांनी बुधवारच नाही. बाकीचे दिवस कामाप्रमाणे. ज्यांना रोज यायचं आहे त्यांना रोजची जागा, कारण न विचारता.

विरोध अपेक्षेपेक्षा वेगळ्या ठिकाणाहून आला. आकड्यांवर कोणी वाद घातला नाही. काही विभागप्रमुखांना केबिन सोडायची नव्हती. माझ्या मते तो अगदी समजण्यासारखा विरोध होता. केबिन मिळवायला माणसानं वीस वर्षं घातलेली असतात आणि ती काढून घेताना आपण त्या वर्षांबद्दल काहीतरी बोलतो आहोत असं त्याला वाटतं. मी एकेकाला वेगळं भेटले. केबिन गेली तरी गोपनीय बोलण्यासाठी बंद खोली लगेच मिळेल, कागद कुलपात राहतील आणि टीमच्या दिवशी टीमशेजारीच बसता येईल, हे लेखी दिलं. दोघांनी मान्य केलं, एकानं फार उशिरा केलं. संचालकांनी स्वतःची केबिन आधी सोडली, त्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. हजेरीसक्तीची मागणीही होती. तिथे स्टॅनफर्डच्या निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या कंपनीतला प्रयोग सांगितला: १,६१२ कर्मचारी, त्यातल्या निम्म्यांना आठवड्यातले दोन दिवस घरून काम. कामगिरीच्या मूल्यमापनात फरक पडला नाही, नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण मात्र एक तृतीयांशानं घटलं. नियतकालिकात तो २०२४ मध्ये छापून आला, पण त्याआधीच तो मसुद्याच्या रूपात उपलब्ध होता.

एक तिसरा पर्यायही चर्चेत आला: दूर राहणाऱ्यांसाठी त्यांच्या घराजवळ सामाईक ऑफिसात काही जागा घेणं. कल्पना नवी नाही. ‘टेलिकम्युटिंग’ (प्रवास टाळून दुरूनच काम करणं) हा शब्द देणारे जॅक नाइल्स १९७३ पासून घराजवळच्या छोट्या केंद्रांबद्दल बोलत होते. आमच्याकडे ती मागे ठेवली, कारण दूर राहणारे एका भागात नव्हतेच, विखुरलेले होते.

मंजुरी ऑगस्टच्या शेवटी मिळाली आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नोटीस गेली. मसुदा वकिलाकडून तपासून घेतला, करारातल्या कलमाचा क्रमांक आणि शेवटची तारीख त्यात लिहिली, सही करण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीचा ठराव जोडला. पोच मिळाल्यावर तिच्या तीन प्रती केल्या. त्याच दिवशी सेवाशुल्काची दोन वादात असलेली बिलंही ‘हक्क राखून’, म्हणजे वाद न सोडता, भरून टाकली. देणी थकीत आहेत असं दाखवून नोटीसच बाद ठरवली जाऊ शकते, हे वकिलानं बजावलं होतं. रक्कम किरकोळ होती, धोका मोठा होता.

मग वाट पाहणं. घरमालकांची पाहणी नोव्हेंबरमध्ये झाली आणि डिसेंबरमध्ये मूळ स्थितीत आणण्याच्या कामांची यादी आली. पार्टिशन काढा, मजल्याखालच्या केबल काढा, सीलिंग भरून द्या, भिंती रंगवा, आणि आम्ही खोल्या केल्यामुळे आग विझवायला पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलरची जी तोंडं हलवली होती ती परत जागेवर आणा. त्यांच्या ठेकेदाराचा अंदाज त्या मजल्याच्या जवळपास नऊ महिन्यांच्या भाड्याइतका होता. तो आकडा बघून पोटात गोळा आला. एका फटक्यात पहिल्या वर्षाच्या बचतीतला मोठा भाग जाणार होता.

इथे दोन गोष्टींनी वाचवलं. पहिली, २०१९ मधले ताब्याचे फोटो. खिडक्यांजवळचे फरशीचे तडे आणि सीलिंगचे डाग तेव्हाही होते, हे तारखेसह दाखवता आलं. दुसरी, आम्ही थेट विचारलं की पुढचा भाडेकरू मिळाला आहे का आणि त्याला खोल्या हव्या आहेत का. त्याला त्या हव्या होत्या. मग पाडण्यात कोणाचंच हित नव्हतं. बोलणी जानेवारीभर चालली आणि सुमारे चार महिन्यांच्या भाड्याएवढी ठोक रक्कम देऊन बाकी जबाबदारी संपवायची असं ठरलं. ही तडजोड पूरक करार करून दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी घेतली. तोंडी ‘राहू द्या, बघून घेऊ’ यावर अजिबात थांबू नका. आणि ज्यांनी आत्ता नवी जागा घेतली आहे त्यांनी आजच प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढून ठेवावेत.

मजला रिकामा करणं डिसेंबरपासून सुरू झालं होतं. जुन्या फर्निचरला काही किंमत येईल असं सगळ्यांना वाटतं. येत नाही. सगळीच ऑफिसं एकाच वेळी डेस्क विकायला काढत होती, त्यामुळे पुरवठादार उलट उचलून नेण्याचे पैसे मागत होते. चांगल्या खुर्च्या आम्ही कर्मचाऱ्यांना घरच्या कामासाठी दिल्या, चिठ्ठ्या टाकून. मालमत्ता नोंदवहीतून त्या रीतसर कमी केल्या आणि प्रत्येकाकडून पावती घेतली. काही डेस्क शाळांना गेले. उरलेलं लाकूड आणि लोखंड वेगळं करून भंगारात.

पार्टिशन उतरवली जात होती तेव्हा मी तिथे उभी होते. या पार्टिशनचा उगम १९६८ मधला, रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी हर्मन मिलर या अमेरिकी फर्निचर कंपनीसाठी केलेल्या ‘ॲक्शन ऑफिस’ या ऑफिस-फर्निचरच्या दुसऱ्या आवृत्तीतला. प्रत्येकाला आपल्या कामाप्रमाणे जागा बदलता यावी, हा त्यांचा हेतू होता. पुढे कंपन्यांनी त्यातून कमीत कमी जागेत जास्तीत जास्त माणसं बसवायची युक्ती काढली. आपणही तेच करू नये, ही धास्ती मला या सगळ्या काळात होती. डेस्क कमी केल्यानं वाचलेली जागा पुन्हा डेस्कांनीच भरायची सूचना नंतर दोनदा आली. दोन्ही वेळा मी नकाशा आणि मोजणीचे आकडे पुढे केले.

कागदपत्रांनी मात्र दम काढला. किती वर्षं काय जपायचं याची यादी लेखा, मनुष्यबळ आणि विधी विभागांकडून लेखी घ्या. ती नसेल तर कोणीच काही फेकू देत नाही. हार्ड डिस्क, जुने सर्व्हर, प्रिंटरमधली मेमरी, हे सगळं एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेच्या ८००-८८ या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पुसून किंवा नष्ट करून घेतलं आणि प्रत्येक वस्तूच्या अनुक्रमांकासह प्रमाणपत्र घेतलं. प्रिंटरमध्येही माहिती साठते हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

ड्रॉवर रिकामे करताना माणसं भेटतात. काही ड्रॉवर मार्च २०२० पासून उघडलेच नव्हते. शाल, चष्मा, मुलांनी काढलेली चित्रं, अर्धी भरलेली वही. काहींनी मधल्या काळात नोकरी सोडली होती, दोन सहकारी आता हयात नाहीत. त्यांच्या वस्तू घरी पोचवायला आम्ही माणूस पाठवला, कुरिअर केलं नाही. लेखा विभागातले एक ज्येष्ठ सहकारी कंपनीत आल्यापासून खिडकीशेजारच्या एकाच डेस्कवर बसत. ते काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांना महिनाभर आधी बरोबर नेऊन खालचा मजला दाखवला, लॉकर कुठला हवा ते त्यांनाच निवडू दिलं. तुमच्याकडे असं कोणी असेल, आणि असतंच, तर त्यांना सर्वांबरोबर ईमेलनं कळवू नका.

सफाई आणि सुरक्षेचे कर्मचारी एजन्सीमार्फत होते. ऑफिस निम्मं झालं म्हणजे त्यांचं कामही निम्मं, हे बचतीच्या तक्त्यात एका ओळीत लिहिलेलं असतं. त्या ओळीत नावं नसतात. आम्ही एजन्सीला चार महिने आधी कळवलं आणि लेखी मागणी केली की कोणालाही काढण्याआधी दुसऱ्या ठिकाणी काम द्यावं. बहुतेकांना मिळालं. सगळ्यांना नाही. याचं मला आजही वाईट वाटतं आणि असं काम करणाऱ्यानं हा मुद्दा शेवटी न ठेवता अगदी सुरुवातीला घ्यावा असं मनापासून वाटतं.

३१ मार्च २०२४ ला ताबा दिला. मीटरची वाचनं, किल्ल्या, कार्डं, यादी, दोन्ही बाजूंच्या सह्या. अनामत साठ दिवसांत परत मिळायची होती. ती आली ऑक्टोबरमध्ये, तीन स्मरणपत्रांनंतर. ताबापावतीवर ‘कोणतीही बाकी नाही’ असं स्पष्ट लिहून घेतलेलं होतं, म्हणून पत्रव्यवहार कायदेशीर नोटिशीपर्यंत गेला नाही.

खालच्या मजल्याचं काम एप्रिल ते जून असं अर्धा-अर्धा भाग बंद ठेवून केलं. खर्चाचा सगळ्यात मोठा भाग आवाज अडवण्यावर आणि हवा खेळती ठेवण्यावर गेला. बंद फोन बूथमध्ये पंखा असला तरी दहा मिनिटांत कोंदटतं, तेव्हा विकत घेण्याआधी आत अर्धा तास बसून पाहा. मीटिंग रूममध्ये कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणि माइक टेबलाच्या मध्यभागी हवेत, नाहीतर घरून जोडलेल्या माणसाला फक्त छत दिसतं आणि खुर्च्यांचा आवाज ऐकू येतो. इंटरनेटची दुसरी लाइन मागवायला लागणारा वेळ आम्ही फेब्रुवारीतच धरला होता. तरी ती काम संपायच्या जेमतेम आधी आली.

कोणी सांगत नाही अशा तीन गोष्टी इथेच सांगते. आग लागल्यास लोकांना बाहेर काढणारे जबाबदार कर्मचारी पूर्वी ठरलेले असत. आता ते नेमके त्या दिवशी घरी असू शकतात. म्हणून दुपटीहून जास्त लोकांना प्रशिक्षण दिलं आणि त्या दिवशी कोण हजर आहे हे सकाळीच कळेल अशी सोय केली. प्रथमोपचारांचंही तसंच. दुसरं, कमी वापराच्या नळांमध्ये पाणी साचून राहतं आणि त्यात न्यूमोनियासारखा आजार करणारे लेजिओनेला हे जिवाणू वाढू शकतात, म्हणून असे नळ दर आठवड्याला सोडायचे. तिसरं, विमा कंपनीला नवी मांडणी आणि घरी गेलेल्या खुर्च्या, मॉनिटर यांची यादी कळवायची.

जुलै २०२४ पासून नवी व्यवस्था सुरू झाली. जागा ॲपवर राखून ठेवता येते आणि साडेदहापर्यंत कोणी आलं नाही तर आपोआप मोकळी होते. पहिले काही आठवडे कुरबुर होती, विशेषतः कोण कुठे बसलं आहे ते सापडत नाही म्हणून. मग प्रत्येक टीमचा कोपरा ठरवला, डेस्क ठरवले नाहीत. शांत कक्षात बोलणं, फोन, काही नाही. तिथल्या दहा जागा घरी जागा नसलेल्यांसाठी कायमच्या ठेवल्या आहेत. त्यांची यादी फक्त मनुष्यबळ विभागातल्या एका व्यक्तीकडे असते, बाकी कोणाला ती माहीत असण्याचं कारण नाही. नव्यानं लागलेल्यांच्या पहिल्या तीन महिन्यांत त्यांचा मार्गदर्शक ठरलेल्या दिवशी आलाच पाहिजे, हा आमच्याकडचा हजेरीचा एकमेव सक्तीचा नियम. तो वरिष्ठांना लागू आहे, नव्या मुलांना नाही. सहा महिन्यांनी त्या मुलांशी पुन्हा बोलले तेव्हा त्यांनी सगळ्यात जास्त याच नियमाचं नाव घेतलं.

बुधवारची गर्दी २०५ वरून १६५ च्या आसपास आली आहे. मंगळवारी आणि गुरुवारीही साधारण तेवढीच. सोमवार वाढला, शुक्रवार फारसा बदलला नाही. कॉलसाठी मोठ्या खोल्या अडवणं जवळजवळ थांबलं. घरून काम करताना कोणाशी बोलायचं राहून जातं ते लोक आता टीमच्या दिवसाआधी लिहून आणतात आणि त्या दिवशी कॉल ठेवायचे नाहीत असं तीन टीमनी आपण होऊन ठरवलं.

एक प्रश्न सुटलेला नाही. महिनाअखेरीचे तीन दिवस लेखा विभागाला सलग एक मोठी खोली हवी असते आणि त्यातला एक दिवस वारंवार बुधवारी येतो, जेव्हा तीच खोली डिझाइनवाल्यांची असते. दर सहा महिन्यांनी आम्ही परत मोजणी करतो. यावेळच्या मोजणीत त्या खोलीची नोंद तासागणिक ठेवली आहे. ती घेऊन दोन्ही प्रमुखांबरोबर बसायचं आहे आणि मांडणीत आणखी एक टीमची खोली बसते का, ते वास्तुरचनाकाराकडून पाहून घ्यायचं आहे. त्यासाठी सात डेस्क कमी करावे लागतील, असा त्यांचा पहिला अंदाज आहे.